आरामदायी प्रवासासाठी गाडीचे टायर कसे निवडायचे: पहिल्यांदाच टायर बदलणाऱ्यांसाठी

टायरच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, “कुठल्या कंपनीचे टाकायचे?” तुम्हाला प्रवासात आराम हवा असेल, तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी त्रास नेमका कसला आहे ते बघायचं, मग हवा, मग साइज, मग टायरचा प्रकार आणि त्यानंतर कंपनी. हा क्रम उलटा झाला की महागडे टायर घालूनही गाडी पहिल्यासारखीच आदळत राहते.

आमच्या गाडीत मागच्या सीटवर आई बसते आणि तिला कमरेचा जुना त्रास आहे. पुण्याहून चिपळूणला जायचं म्हणजे साताऱ्यापर्यंतचा हमरस्ता, पाटणकडचे खड्डे, कुंभार्ली घाट आणि जून उजाडला की पाऊस, असं सगळं एकाच दिवसात. त्यामुळे टायर बदलायची वेळ आली तेव्हा बरंच वाचलं, दोन-चार दुकानदारांना आणि ओळखीच्या मेकॅनिकला प्रश्न विचारून भंडावलं. पहिल्यांदाच टायर बदलणाऱ्याला उपयोग होईल, असं त्यातलं सगळं इथे लिहितो आहे.

१. त्रास टायरचाच आहे का, ते आधी तपासा

‘गाडी आरामदायी नाही’ या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

डांबराच्या प्रत्येक ठिगळावर, छोट्या फटीवर बारीक टोचरे धक्के बसत असतील, तर हवा जास्त आहे किंवा टायरचं रबर म्हातारं होऊन कडक झालं आहे. खड्ड्यात ‘खडखड’ किंवा ‘ठक’ असा धातूसारखा आवाज येत असेल, तर लिंक रॉड, बुश किंवा शॉकअपचं माउंटिंग, म्हणजे सस्पेन्शनचे भाग, बघा. तिथे नवे टायर काहीच करू शकत नाहीत.

वेगाबरोबर वाढणारी घरघर ऐकू येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर सावकाश डावीकडे आणि मग उजवीकडे वळणं घ्या. वळणाच्या दिशेप्रमाणे घरघर कमी-जास्त झाली तर संशय व्हील बेअरिंगवर घ्यायचा. तसं होत नसेल तर टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडल्यामुळे टायर तिरका झिजला आहे. असा टायर आवाज करणारच. पण अलाइनमेंट न सुधारता नवे टायर टाकलेत तर काही महिन्यांनी तेही तसेच होतील.

चौथी तक्रार म्हणजे ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंगला थरथर येणं. हे बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याचं, किंवा वाकलेल्या रिमचं दुखणं असतं. एकाही नव्या टायरची गरज न पडता ते सुटू शकतं.

टायर खरोखर बदलायची वेळ आली आहे की नाही, हेही याच वेळी बघून घ्या. नक्षीच्या खोल खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या झीज दाखवणाऱ्या खुणा. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली म्हणजे टायर कायद्यानेही संपला. मात्र आपल्याकडच्या पावसात १.६ मिलिमीटरपर्यंत थांबू नका. खाच जितकी उथळ तितकं पाणी बाहेर फेकायची ताकद कमी, म्हणून ३ मिलिमीटर उरल्यावर, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर, टायर बदललेले बरे. टायरच्या कडेला, म्हणजे नक्षी आणि रिम यांच्या मधल्या भिंतीला, फुगा आला असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो टायर त्याच दिवशी उतरवा. आतले दोर तुटले आहेत असा त्याचा अर्थ आहे.

२. पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर बरोबर हवा ठेवून बघा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा, दोन-तीन माणसं असताना किती आणि गाडी भरलेली असताना किती, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. तुमच्या गाडीसाठी खरा आकडा तो. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाबाचा आकडा ही टायरची मर्यादा आहे, रोज भरायची हवा नाही.

पेट्रोल पंपावर बहुतेक वेळा सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरतात, ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त. तुमच्या स्टिकरवर ३० असेल, तर नुसत्या त्या पाच पीएसआयने गाडी लाकडासारखी कडक वाटू लागते. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात रस्त्यावर चालून हवा आणखी तापते आणि दाब आणखी चढतो. म्हणून हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम दोन किलोमीटर चाललेली असताना. स्वतःचा एक साधा प्रेशर गेज घ्या. या सगळ्या खटाटोपात तेवढी एकच वस्तू मी प्रत्येकाला घ्यायला सांगतो.

आणि उलटी चूक त्याहून वाईट. ‘मऊ चालेल’ म्हणून स्टिकरपेक्षा कमी हवा ठेवू नका. हवा कमी असली की कडा सारख्या दुमडतात आणि टायर आतून तापतो. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर, विदर्भाच्या मे महिन्यात, १२० च्या वेगाने तासन्‌तास गाडी पळवताना हाच टायर फुटतो.

नायट्रोजनबद्दल हमखास विचारलं जातं. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्याने गाडी मऊ होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

३. कडेवरचे आकडे वाचायला शिका

समजा तुमच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलं आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे इथे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा निर्देशांक, एक टायर ५६० किलो पेलतो असं तो सांगतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०.

आरामाच्या दृष्टीने यातला दुसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये हवेची जी उशी असते तिची उंची त्यावरून कळते.

४. साइज: आराम इथेच मिळतो आणि इथेच जातो

या पायरीवर जरा थांबून वाचा, कारण दुकानात सगळ्यात जास्त मोह इथेच होतो.

मारुतीच्या बलेनोचं उदाहरण घेऊ. खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतात आणि वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६. आता हिशोब करा. पहिल्याची कड सुमारे १२० मिलिमीटर, दुसऱ्याची १०७. पूर्ण चाकाचा व्यास मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वरच्या मॉडेलमध्ये रिम मोठी झाली, चाक तेवढंच राहिलं आणि मधली उशी १३ मिलिमीटरने पातळ झाली. दिसायला ती गाडी छान दिसते, पण खड्ड्यात तो फरक पाठीला कळतो. रिम वाकण्याची आणि टायरला फुगा येण्याची शक्यताही वाढते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आराम हवा असेल तर मोठ्या अलॉय रिमच्या नादी लागू नका. दुकानदार १६ किंवा १७ इंचांचा सेट चकचकीत पुसून समोर ठेवतो आणि जुन्याचे पैसे वजा करून देतो म्हणतो, तेव्हा कडेची उंची किती कमी होते ते मोबाइलवर गुणाकार करून बघा. दोन, तुमच्याकडे वरचं मॉडेल असेल आणि रस्ते खराब असतील, तर त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलची छोटी रिम आणि उंच कडेचा टायर हा आराम वाढवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. नुसत्या टायरची कंपनी बदलून एवढा फरक क्वचितच पडतो.

छोट्या रिमवर येताना मात्र हे पाळा:

- ती साइज तुमच्याच गाडीच्या, त्याच इंजिनाच्या मॉडेलला कंपनीने दिलेली असली पाहिजे. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही साइज दिलेल्या असतात.
- छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) न घासता मोकळी फिरते का, हे प्रत्यक्ष चाक लावून बघा. वरच्या मॉडेलचे ब्रेक कधीकधी मोठे असतात.
- भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये.
- चाकाचा पूर्ण व्यास दोन टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसच्या हिशोबातही गडबड होते.

‘एक नंबर रुंद टाकू, गाडी चिकटून चालेल’ हा सल्लाही हमखास मिळतो. रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, आवाज वाढतो, मायलेज उतरतं, आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. आरामासाठी त्याचा काहीही उपयोग नाही. कंपनीने दिलेली रुंदी ठेवा.

५. त्याच साइजमध्ये कुठला प्रकार घ्यायचा

साइज ठरली तरी त्या साइजमध्ये अनेक टायर मिळतात आणि ते चालतात वेगवेगळे.

एक्सएल (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला टायर जास्त भार पेलण्यासाठी आतून मजबूत केलेला असतो. त्याच्या कडा ताठ असतात. तुमच्या गाडीला कंपनीने साधा टायर दिला असेल, तर एक्सएल घेऊन आराम कमीच होणार. पण मूळ टायरच एक्सएल असेल, जसा तो बऱ्याच जड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना असतो, तर साध्यावर उतरू नका.

एसयूव्हीवाल्यांनी नक्षीकडे नीट बघावं. एटी म्हणजे ऑल टेरेन टायरचे मोठाले ठोकळे चिखलात कामाचे, पण काँक्रीटवर ते गुंजतात. तुमचं ९० टक्के चालणं डांबर-काँक्रीटवर असेल तर एचटी, म्हणजे हायवेचाच टायर घ्या. बारीक आणि वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे असलेली नक्षी शांत चालते, कारण सगळे ठोकळे एकाच तालात रस्त्यावर आपटत नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेजारच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर त्यातला मोठा भाग नक्षीचा आणि काँक्रीटचा असतो.

‘लाख किलोमीटर चालेल’ अशा जाहिरातीच्या टायरांबद्दल दुकानदाराला सरळ विचारा, रबर कडक आहे का. जास्त आयुष्य, ओल्या रस्त्यावरची पकड आणि मऊपणा हे तिन्ही एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाही. टॅक्सीसाठी दीर्घायुषी टायर योग्यच आहे. पण वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाडीचा टायर झिजण्याआधी वयाने कडक होतो. तिथे आयुष्याच्या मागे लागून रोजचे धक्के का सोसायचे?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खूप मऊ कडांचे टायर आपल्या खड्ड्यांत कडेला कापले जातात. रोजच्या वाटेवर धारदार काठांचे खड्डे किंवा उघडी खडी असेल, तर सगळ्यात मऊ टायर घेऊ नका, त्याहून एक पायरी कमी मऊ घ्या. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या टप्प्यांतून नेहमी जाणाऱ्यांना मी हेच सांगेन.

आता कंपनी. शांत आणि मऊ चालीसाठी बनवलेल्या टायरांमध्ये मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी आणि काँटिनेंटलचा कम्फर्टकाँटॅक्ट सीसी ६ यांची नावं ऐकू येतील. ब्रिजस्टोनची ट्युरान्झा मालिकाही आरामाकडे झुकणारी. अपोलो, सीएट, एमआरएफ, जेके, योकोहामा, गुडइयर यांच्याकडेही प्रत्येकी दोन-तीन स्वभावांचे टायर असतात. म्हणून ‘अमुक कंपनीचा द्या’ एवढंच सांगू नका, मॉडेलचं नाव घ्या. एकाच कंपनीचा एक टायर शांत आणि दुसरा दणकट असू शकतो.

आयात टायरच्या युरोपीय लेबलवर डेसिबलचा आकडा दिसला, तर एक लक्षात ठेवा: तो रस्त्याच्या कडेला मोजलेला बाहेरचा आवाज असतो, गाडीच्या आतला नव्हे.

६. चार बदलायचे की दोन

जमलं तर चार. बजेट नसेल तर एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांना, जोडी सारखीच हवी, साइजही आणि मॉडेलही. नवी जोडी मागे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून मेकॅनिक पुढे लावायला सांगेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुधा सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

७. तारीख आणि आयएसआय

डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ असतील तर टायर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला. ही ओळ कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून टायर फिरवून बघा. सहा महिन्यांपर्यंत जुना असेल तर काहीच हरकत नाही, वर्षापर्यंतचा असेल तर भाव पाडून मागा, त्याहून जुना मी घेत नाही. चारही टायरांची तारीख वेगवेगळी तपासा. तीन नवे आणि चौथा जुना, हा प्रकार होतो. आयएसआयची खूण कडेवर कोरलेली असते, तीही बघा.

८. भाव, बिल आणि लागणारे कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात १८ टक्केच लावले आहेत ना, ते बघा. किमान तीन ठिकाणी भाव विचारा, आणि विचारताना बसवणं, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरून एकूण किती, असंच विचारा. टायर स्वस्त सांगून बाकीचं वेगळं लावणारे बरेच असतात.

सोबत हे ठेवा:

- आरसी किंवा डिजिलॉकरमधली तिची प्रत
- दाराच्या स्टिकरचा आणि जुन्या टायरच्या कडेचा फोटो
- ओडोमीटरचा आकडा, वॉरंटी नोंदवताना लागतो
- लॉक नट असलेल्या अलॉयची किल्ली, ती घरी राहिली तर चाकच निघत नाही
- स्वतःचा प्रेशर गेज

बिलावर टायरचं मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी साधारणपणे बनावटीतल्या दोषाची असते. खड्ड्यातला फुगा किंवा काप तिच्यात बसत नाही. काही कंपन्या ठरावीक मुदतीत, अटी घालून त्याचीही भरपाई देतात, तेव्हा ते आधीच विचारून ठेवा. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटल्याचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं.

९. टायर बसवताना शेजारी उभे राहा

चांगला टायर वाईट बसवला तर थरथरतो. त्यामुळे चहाला जाऊ नका.

जुना टायर निघाला की रिमची कड कापडाने आणि ब्रशने साफ करायला सांगा. गंज आणि जुन्या रबराचा थर राहिला की हवा हळूहळू निसटते. रिम मशीनवर फिरवून वाकली आहे का ते याच वेळी बघून घ्या. रबरी व्हॉल्व्ह नवाच टाकायचा. नव्या टायरवर बऱ्याचदा एक पिवळा ठिपका असतो, ती टायरची सगळ्यात हलकी बाजू. तो व्हॉल्व्हच्या अगदी लगत आणून बसवला की बॅलन्सिंगला कमी वजनं लागतात. कडेवर बाण असेल तर तो चाकाच्या पुढे जाण्याच्या दिशेने हवा. आउटसाइड असं लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर.

बॅलन्सिंगला मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य येईपर्यंत थांबा. वजनं लावल्यावर चाक पुन्हा एकदा फिरवून शून्य दिसलं पाहिजे. एका चाकाला वजनांची रांगच लावावी लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. बहुतेक वेळा फरक पडतो.

नट हवेच्या गनने करकचून आवळू देऊ नका. आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. शेवटी अलाइनमेंट करा आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा प्रिंट मागून घ्या. हवा भरताना दाराचा स्टिकर दाखवा. बसवताना टायर रिमवर चढावा म्हणून जास्त हवा भरतात, ती तशीच राहून जाते.

१०. पहिले काही दिवस

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणं टाळा. साच्यातून काढताना लावलेला गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत पकड पुरती येत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवा स्वतः मोजा.

नंतर महिन्यातून एकदा हवा, स्टेपनीसकट. दर आठ ते दहा हजार किलोमीटरला रोटेशन, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, आणि अलाइनमेंट. जोराचा खड्डा बसला असेल तर मुदतीची वाट न बघता गाडी दाखवा, आणि कडेच्या आतल्या बाजूला फुगा आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघायला सांगा. तो बाहेरून दिसत नाही.